फाट्यावर उतरा

या महिन्यात पत्रं भरपूर आली, त्यातलं एक रागाचं आहे. तेच आधी घेतो. सुटे पैसे आणि भांडण, दोन्ही पुढच्या स्टॉपपर्यंत तुंबू द्यायचं नाही, हे एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी करून शिकलेलो आहे.

प्रश्न : काका, तुमचं वाचून आम्ही सहा जण ऑगस्टमध्ये निघोजला गेलो. रांजणखळगे राहिले बाजूला, नदीत गढूळ पाण्याशिवाय काहीही दिसलं नाही. पेट्रोल गेलं ते गेलंच, सासूबाईंचे टोमणे अजून चालू आहेत. *(एक वाचक, नगर)*

चूक माझी. जागा सांगितली आणि हंगाम सांगायचा विसरलो. सासूबाईंना माझं नाव सांगा, त्यांचे टोमणे मी खातो.

अहो, ते खळगे कुकडीच्या पात्रातच आहेत. नदी भरली की ते बुडणारच. पाणी ओसरल्यावर, फेब्रुवारी ते मे या दिवसांत जायचं. तरीसुद्धा नदीत पाणी सोडलेलं नाही ना, एवढं निघण्याआधी गावात कुणाला तरी विचारून घ्यायचं. मग मात्र जे दिसतं ते पाहून सासूबाईही गप्प होतील. काळ्या कातळात कुणी कुंभाराने आतून हात फिरवून घडवावेत तसे रांजण आहेत, काही घागरीएवढे तर काही माणूस सहज बुडेल एवढे. हे काम पाण्याचं आणि गोट्यांचं. कातळातल्या लहानशा खाचेत दगड अडकतो, पुराचं पाणी भोवरा घेतं आणि तो दगड तिथल्या तिथे जात्यासारखा फिरत राहतो. खाच खोल होते, दगड झिजून संपतो, पुढच्या पावसाळ्यात दुसरा येतो. मी एका उथळ खळग्यात वाकून पाहिलं होतं. तळाशी लिंबाएवढा एक गोटा होता, इतका गुळगुळीत की हातातून निसटत होता. घरी आणायचा मोह झाला, पण त्याचं काम अजून संपलेलं नाही म्हणून परत ठेवला. कडेवर उभं राहून फोटो काढू नका. कातळ गुळगुळीत आहे आणि खाली पाणी खोल आहे. नदीच्या अलीकडे नगर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्हा, आणि मळगंगेचं देऊळ दोन्ही काठांवर आहे.

प्रश्न : दर मे महिन्यात आम्ही पुण्याहून महाबळेश्वरला जातो. सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, सगळं पाठ झालंय. वाईत ढोल्या गणपतीला हात जोडतो आणि सुटतो. नातवंडं यंदा मोबाइलमधून मान वर काढतील असं मध्ये काही आहे का? *(एक आजोबा, कोथरूड)*

आजोबा, तुम्ही गणपतीला समोरून हात जोडता. यंदा देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही, होडीच्या नाकाडासारखी निमुळती होत गेली आहे. जुनी माणसं तिला मत्स्याकार म्हणतात. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, अशी ती योजना. गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं, तेव्हापासून ती भिंत पुराला तोंड देत उभी आहे. नातवंडांना आधी विचारा, "ही भिंत अशी का?" उत्तर लगेच सांगून टाकू नका.

मग पाचगणीची घाई न करता तीन किलोमीटरवर मेणवलीला जा. नाना फडणविसांचा वाडा तिथे आहे, तो बघाच, पण मी तुम्हाला पाठवतोय ते वाड्यामागच्या घाटावर, एका घंटेसाठी.

मी पहिल्यांदा गेलो तो ड्युटीवर असताना. गाडी सुटायला वीस मिनिटं होती, म्हणून पाय धुवायला घाटावर उतरलो. मेणेश्वराच्या देवळापाशी एका छोट्या दगडी घुमटीत ही भलीमोठी घंटा. जन्मभर दोरी ओढून टण् टण् करणारा माणूस मी, घंटा दिसली की जवळ जाणारच. अंगावर एक बाई कोरलेली, तिच्याकडे बाळ. मी मनात म्हटलं, यशोदा आणि कृष्ण. पायातली चप्पल काढली, हात जोडले. कपडे धुणाऱ्या एक मावशी मागून म्हणाल्या, "मास्तर, ती मेरी हाय. येसूची आई." आणि पुन्हा धोपटणं सुरू. मी जवळ जाऊन पाहिलं तर साल होतं १७०७, आकडे आपले नव्हेत, इंग्रजीत असतात तसे.

ही पोर्तुगिजांची घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी फौजेबरोबर वर घाटावर आल्या आणि देवळादेवळांत टांगल्या गेल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर आहे तीही त्यातलीच, तिच्यावर साल १७२१. भीमाशंकरालाही एक आहे. मेणवलीत लोक सांगतील की नानांनी वसईहून आणली. त्यांना उलटून बोलू नका, पण नातवंडांना हळूच हिशोब घाला : नाना जन्मले १७४२ साली. मग वसई पडली तेव्हा नाना कुठे होते? माझ्या नातीने हे गणित सोडवलं आणि पसरणी घाट संपेपर्यंत तिच्या आईशी वाद घातला. मोबाइल डिकीत होता.

प्रश्न : आईचं वय ७८. गुडघे दुखतात, पण घरात बसायला तयार नाही. चढ नको, पायऱ्या नकोत, आणि "नेहमीचं देऊळ" नको अशी तिची अट आहे. आम्ही इचलकरंजीला असतो. *(एक वाचक भगिनी)*

ताई, आईंची अट मला आवडली. पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणजे एसटीत त्यांना तिकीट नाही आणि तुम्हाला अर्धं. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा, कंडक्टरशी घासाघीस नको. आमचीही डोकी तापलेली असतात.

त्यांना खिद्रापूरला न्या. नरसोबाच्या वाडीला तुम्ही शंभरदा गेला असाल. वाडी-कुरुंदवाडवरून पुढे कृष्णेच्या काठाने गेलं की कोपेश्वराचं देऊळ येतं. सगळं सपाटीला, थोडे उंबरे ओलांडले की झालं. आत शिरल्या शिरल्या लागतो तो स्वर्गमंडप, आणि त्याला छत नाही. म्हणजे पडलेलं नाही, मुळातच मधोमध गोल मोकळं सोडलेलं आहे. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच घेराची गोल शिळा, भोवती बारा खांबांचं रिंगण. आईंना त्या शिळेच्या कडेला बसवा आणि वर बघायला सांगा. दुपारी बाराच्या सुमारास गेलात तर उन्हाचं गोल ताट शिळेवर वाढल्यासारखं दिसतं. आम्ही गेलो तेव्हा एक कुत्रं त्या उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात, असं अर्धा तास जागा बदलत झोपत होतं. थंडीचे दिवस होते.

शंकराचं देऊळ, पण नंदी शोधा. सापडणार नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात येडूरला आहे असं सांगतात, आणि त्यामागची दक्षयज्ञाची गोष्ट आईंना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांनाच सांगू द्या. बाहेरून देवळाच्या पायाशी ओळीने हत्ती आहेत, जणू सगळं ओझं पाठीवर घेतलंय. दक्षिणेच्या दाराशी यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे, शके ११३६चा, देवनागरी अक्षरांत. एखादं अक्षर ओळखू येतं आणि मग माणूस हलत नाही.

एकच सांगतो. नदीला पूर असेल त्या दिवसांत जाऊ नका. निघोजची चूक मी पुन्हा करणार नाही.

प्रश्न : सोलापूर-पुणे महिन्यातून दोनदा. हायवेवर एकच थांबा सांगा, तासाभराचा. *(एक वाचक, सोलापूर)*

यवतहून आत वळा, भुलेश्वर. डोंगरावर आहे, गाडी वरपर्यंत जाते. टॉर्च न्या, कारण गाभाऱ्याभोवतालच्या बोळकांडीत अंधार असतो आणि बघायचं ते वर, डोक्यापेक्षा उंच आहे. तिथे गणपती बाईच्या रूपात बसलेला आहे. सोंड, पोट सगळं गणपतीचं, बाकी देह स्त्रीचा. वैनायकी म्हणतात तिला. कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून पुजाऱ्याला विचारा. तास संपला. भिगवणला चिलापी मासा खायला थांबणार असाल तर तो तास वेगळा.

प्रश्न : गणपतीला राजापूरला गावी जातो. डोंबिवलीत वाढलेला माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, "गावात बघण्यासारखं काय आहे?" *(एक चाकरमानी)*

त्याला सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर न्या. कशेळीला कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या देवळात नमस्कार करा आणि तिथून गावातल्या माणसाला बरोबर घेऊन कातळशिल्प बघायला जा. जांभ्या कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण अठरा मीटर लांब. जवळ उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या खोबणी दिसतात. मुलाला म्हणावं, रेषेच्या कडेकडेने चाल. पायाला आधी सोंड कळते, मग पाठ. पोटात पुन्हा मासे, पक्षी, प्राणी कोरलेले आहेत.

हा हत्ती कुणी कोरला, कधी कोरला, यावर जाणकारांचं अजून चालू आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी अशा जागा शोधत कोकणातले सडे पायाखाली घातले. २०२२ साली कोकणातली नि गोव्यातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आणि आपण त्याच गावात जाऊन आरती, मोदक आणि झोप करून परत येतो.

गणपतीच्या दिवसांत सड्यावर गवत आणि पाणी असतं, रेषा नीट दिसणार नाहीत. शिमग्याला गेलात तर उत्तम, तेही सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. डोक्यावर ऊन असलं की सगळा कातळ एकसारखा दिसतो. खोबणीत खडू भरून फोटो काढणारे भेटतील, त्यांना मुलानेच दटावू दे. सोळाव्या वर्षी ते काम आवडतं.

प्रश्न : तुम्ही इतकी ठिकाणं सांगता. तुमचा स्वतःचा पहिला शोध कोणता? *(एक विद्यार्थिनी, कराड)*

बाळ, त्याला शोध म्हणायला लाज वाटते, कारण ती वस्तू मी चार वर्षं रोज पाहत होतो.

माण-खटावकडची मुक्कामी गाडी होती. एका फाट्यावर पार, पारावर मारुती आणि पाराला टेकून उभा एक दगड, कमरेएवढा. माणसं त्याच्यावर पिशव्या ठेवायची, मी एकदा त्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, ठेवून आकडे भरले होते. एका सकाळी तिथेच टायर बसला. ड्रायव्हर जॅक लावतोय, माणसं शिव्या घालतायत, आणि शाळेचे एक गुरुजी त्या दगडासमोर उकिडवे बसून रुमालाने धूळ पुसतायत. म्हणाले, "कंडक्टर, हे खालून वर वाचायचं."

सगळ्यात खालच्या चौकटीत एक माणूस ढाल-तलवार घेऊन लढतोय, शेजारी गाई. म्हणजे गुरं पळवायला आलेल्यांशी झुंजताना तो गेला. त्याच्या वरच्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी अप्सरा उचलून नेतायत. त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. टोकाला कळस, आणि कळसाच्या दोन अंगांना चंद्र आणि सूर्य, ते आहेत तोवर याचं नाव राहील म्हणून. नाव मात्र कुठेच कोरलेलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, याला वीरगळ म्हणतात. शेजारी अर्धा मातीत गेलेला आणखी एक दगड होता, त्यावर कोपरात वाकलेला नुसता एक हात, मनगटात बांगड्या. ती त्याची बायको असेल, सती गेलेली.

गाडीतली एक म्हातारी हे सगळं ऐकत होती. तिने काही न बोलता वीरगळीवर ठेवलेली आपली पाटी उचलून खाली मातीत ठेवली. मग पदराने दगडाचं डोकं पुसलं.

टायर कधीच बदलून झाला होता. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी खिडकीतून ओरडला, "मास्तर, येताय का मी एकटाच नेऊ गाडी?"