अलॉय बसवले, आता हवा किती?

प्रश्न: गाडीचे 185/65 आर15 टायर काढून 195/55 आर16 अलॉय बसवले. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 32 पीएसआय लिहिलंय, दुकानात मात्र 40 भरून दिले. खड्ड्यात गाडी फार आदळते. किती ठेवू? – एक वाचक, पाचोरा

उत्तर: भाऊ, 40 खूप झाले. टायरच्या कडेला मापापुढे दोन आकडी लोड इंडेक्स छापलेला असतो, तो आधी वाचा. जुन्या मापात तो बहुतेक 88, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त 560 किलो भार पेलतो; नव्यात बहुतेक 87, म्हणजे 545. एवढा फरक एका पीएसआयने भरून निघतो, म्हणून 33 ठेवा. घरची पाच माणसं आणि डिकी भरून सप्तशृंगीला निघालात, तर स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा घ्या आणि त्यातही एक वाढवा. कडेवर ‘मॅक्स’ लिहिलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. मे महिन्यात माझ्या गॅरेजात दुपारी भुसावळहून येणारी माणसं हमखास म्हणतात, “हवा जास्त झाली, काढा.” मी काढत नाही. आपल्याकडच्या 44-45 अंशांत, तापलेल्या डांबरावर 33 चे सहज 37-38 दिसतात. ती हवा काढली की पहाटे टायर 29 वर बसलेला सापडतो. अशा टायरच्या कडा वळत राहतात, आतून तापतात आणि हायवेवर टायर फुटतो. तुमच्या टायरची कडही आता बुटकी आहे. हवा कमी असताना खड्डा लागला तर थेट रिम वाकते.

स्टेपनी जुन्याच मापाची असेल, तिच्यात 32 पुरे.