कोटिंग मेलं नाही, त्यावर थर बसलाय

प्रश्न थोडक्यात असा: गडद निळी गाडी, आठ महिन्यांपूर्वी सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला पातळ, पारदर्शक संरक्षक थर), कार्डावर तीन वर्षांची वॉरंटी. गाडी पुण्याजवळच्या वाकडमधल्या सोसायटीत उघड्यावर उभी असते आणि रोज सकाळी सफाईवाला पुसतो. आता पाणी पूर्वीसारखं मोत्यासारखं घरंगळत नाही, बॉनेट आणि टपावर गोल पांढरे डाग आहेत, उन्हात बारीक जाळीसारख्या रेघा दिसतात. फसवणूक झाली का, आणि पुन्हा कोटिंग करावं का?

पुन्हा पैसे घालायची घाई नको. पाणी घरंगळायचं थांबलं म्हणजे कोटिंग गेलं, असं होत नाही. बहुतेक वेळा कोटिंग जागेवर असतं आणि त्यावर क्षार, ब्रेकची लोखंडी धूळ आणि रस्त्यावरचा तेलकट मळ यांचा थर बसलेला असतो. शाम्पूने तो निघत नाही.

खात्री करायला बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी लावा आणि फक्त एका अर्ध्या भागावर पुढचं काम करा. गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवा, मग गाडीच्या न्यूट्रल पीएचच्या (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पूने धुवा. त्यावर आयर्न रिमूव्हर फवारा. तीन ते पाच मिनिटांत जांभळे ओघळ दिसू लागतात, ती विरघळणारी लोखंडाची धूळ. वास सडक्या अंड्यासारखा येतो, तो तसाच असतो. सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा. मग पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या, त्यात मायक्रोफायबर भिजवून डागांवर पसरून ठेवा, एक ते दोन मिनिटं, जास्त नाही. चोळायचं नाही. धुवा, परत शाम्पू, परत पाणी.

आता दोन्ही भागांवर पाणी मारा. स्वच्छ केलेल्या बाजूला पाणी पळतंय आणि दुसरीकडे पसरून बसतंय, तर कोटिंग जिवंत आहे. उरलेल्या गाडीवरही हेच करा. दोन्हीकडे सारखंच बसलं, तर मात्र त्या पॅनेलवरचं कोटिंग संपलं. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड कोणी सुचवलं तर हात जोडा. त्याने डाग जातो आणि सोबत बरंच काही जातं.

व्हिनेगरनंतरही गोल कडा दिसत असेल, नखाला लागत असेल, तर क्षाराने खाली कोरलंय. तो डाग फक्त मशीन पॉलिशने निघतो, आणि पॉलिशबरोबर तिथलं कोटिंगही निघतं.

हे डाग आले कुठून? पाण्यातून. खडकवासला धरणाचं पाणी सौम्य आहे, पण वाकड, हिंजवडी, वाघोली अशा भागांत अनेक सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं पाणी मिसळलेलं असतं, आणि बोअरचं पाणी जड. थेंब सुकला की कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं. गंमत अशी की कोटिंगवर थेंब उंच, गोल उभा राहतो, त्यामुळे सगळा क्षार एका ठिपक्यात गोळा होतो. म्हणजे ज्या मोत्यांसाठी पैसे दिले तेच इथे अंगावर येतात. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, नळाखाली धरून बघा. आणि आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरायची आपली काटकसर इथे महागात पडते. ते पाणी नळापेक्षाही जड असतं. शेवटच्या धुण्याला दोन-तीन लिटर आरओचं पिण्याचं पाणी बागेच्या दोन लिटरच्या स्प्रेअरमधून मारा आणि लगेच टिपून घ्या. फरक पहिल्याच वेळी दिसेल.

मे महिन्यातला वळवाचा भुरभुर पाऊस धो-धो सरीपेक्षा वाईट. हवेतली धूळ घेऊन येतो, धुऊन नेण्याइतका पडत नाही, आणि तासाभरात ऊन. अशा दिवशी संध्याकाळी गाडीवर नुसतं चांगलं पाणी मारलं तरी पुरतं.

रेघांचं कारण वेगळं आहे, आणि त्यात कोटिंगचा दोष नाही. कोटिंगच्या जाहिरातीतला '९एच' हा पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे, ओरखडे न पडण्याची हमी नव्हे. कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉन, खालचा क्लिअर कोट (कंपनीने रंगावर दिलेला पारदर्शक थर) साधारण चाळीस-पन्नास. बांधकामाची धूळ आणि क्रश सँडची कच गाडीवर असताना कोरडं किंवा जेमतेम ओलं फडकं फिरलं, की रेघा पडणारच. खडी उडून रंग उडतो तोही कोटिंग अडवत नाही. त्यासाठी दीडशे-दोनशे मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म असते.

सफाईवाल्यावर राग काढू नका. एका बादलीत पंधरा-वीस गाड्या करायच्या म्हटल्यावर तो तरी काय करणार? त्याला पैसे तेवढेच द्या आणि सांगा, "दादा, बाहेरून फक्त काचा आणि चाकं, बॉडीला हात लावू नका." कोटिंगचं आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही.

बॉडी दहा-पंधरा दिवसांनी स्वतः धुवा. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. वरून खाली, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, चाकांचं कापड वेगळं. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर दोन्ही नकोत. मायक्रोफायबर सुती कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकू नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. फॅब्रिक कंडिशनर वापरलात तर ते पाणी शोषणं सोडून देतं. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवसापासून चाकांचं.

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. प्रभात रोड, भांडारकर रोडसारख्या रस्त्यांवर झाडांखाली गाडी लागते त्यांनी डिकीत डिटेलरची (रंग पुसायच्या स्प्रेची) पाचशे मिलीची बाटली आणि दोन स्वच्छ कापडं ठेवावीत. भिजवा, दोन-तीन मिनिटं थांबा, उचला. वाळलेलं खरवडलं की त्यातले कण रंगावर फिरतात. उन्हाळ्यात तापलेल्या बॉनेटवर काही तासांतच खूण उमटते, कोटिंग असो वा नसो. ते फक्त थोडा वेळ मिळवून देतं.

दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं असेल तर काचेवर काढा. झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो, तो बांधून गाडी पळवली की तार रंगावर घासते. बंपरला लोंबणारं लिंबू-मिरची नजरेपासून काय वाचवतं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण फुटलेल्या लिंबाचा रस म्हणजे आम्लच, आणि तो आठवडाभर त्याच जागी ठिबकतो. विसर्जनाचा गुलाल कोरडा पुसू नका, पाण्याच्या धारेने उडवा.

तीन-चार महिन्यांनी सिलिकाचा टॉपर, म्हणजे कोटिंगवर मारायचा स्प्रे मारा. धुतलेल्या, गार पॅनेलवर दोन-तीन फवारे, एका कापडाने पसरवा, दुसऱ्याने पुसा. जास्त मारला की तेलकट पट्टे दिसतात, संरक्षण वाढत नाही.

वॉरंटी कार्ड मागून-पुढून वाचा. पाण्याचे डाग, विष्ठा आणि ओरखडे सहसा वगळलेले असतात, आणि ठरावीक मुदतीत त्यांच्याकडे देखभालीला गाडी नेली नाही तर वॉरंटी संपते. उघड्यावर उभ्या आणि रोज फडकं फिरणाऱ्या गाडीवर वर्ष-दीड वर्ष नीट चाललं तरी पुष्कळ म्हणायचं. छपराखाली आणि नीट धुतली जाणारी गाडी दोन-तीन वर्षं काढते.

टेपच्या चाचणीत बॉनेट नापास झालंच, तर बॉनेट आणि फार तर टप एवढंच पुन्हा करून घ्या. सगळी गाडी नको. दर कटिंगला, म्हणजे नव्या कोटिंगआधी मशीनने रंग घासताना, क्लिअर कोट थोडा झिजतो आणि तो परत येत नाही. मशीन फिरवण्याआधीचा आणि नंतरचा पेंट गेजचा (रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा प्रत्येक पॅनेलपुढे लिहून मागा. जो द्यायला कुरकुर करतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.