कंट्रोल रूममध्ये स्क्रीन वाढवूनही ऑपरेटर गोंधळतो. डिस्प्ले कसा असावा?

स्क्रीन वाढवू नका, आधी रंग काढा.

बडोद्याजवळ नंदेसरीला एका केमिकल प्लांटमध्ये मी बरीच वर्षं शिफ्ट केली. आमच्या जुन्या ग्राफिकमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या प्लांटच्या चित्रात, चालू पंप हिरवा, बंद पंप लाल, पाइपलाइनी निळ्या-पिवळ्या, टाकीत पाणी हलताना दिसायचं. नवरात्रातला मंडपच! खरा लाल अलार्म आला तरी त्यात हरवून जायचा. आता पार्श्वभूमी फिकट राखाडी ठेवतात, उपकरणंही राखाडीच. भडक रंग फक्त अलार्मला. सगळं ठीक असताना स्क्रीन कंटाळवाणी दिसली पाहिजे. पाहुणे आले की साहेबांना ती आवडत नाही, ते सोडा.

नुसता आकडाही देऊ नका. ‘८७.४’ वाचून ऑपरेटरला आठवावं लागतं, नॉर्मल किती? त्याऐवजी उभी पट्टी, तिच्यावर नॉर्मलचा टप्पा आणि शेजारी तासाभराचा ट्रेंड, म्हणजे आकडा कसा वर-खाली झाला त्याचा आलेख. नजर टाकली की कळतं.

पण खरं दुखणं अलार्मचं. १९९४ साली वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. प्लांट सुरळीत चालू असताना एका ऑपरेटरला १० मिनिटांत एखादाच अलार्म यावा, असा हिशेब धरतात. ज्यावर ऑपरेटरनं काही करायचंच नसतं, तो अलार्म कसला? तो नुसता नोंदीत जाऊ दे. आणि ही छाटणी करताना रात्रपाळीचा माणूस शेजारी बसवा, सगळं सिस्टिम पुरवणाऱ्या व्हेंडरवर सोडू नका.