आजोबांच्या डुक्कर फियाटला व्हिंटेज नंबर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की आजोबांची १९५८ ची फियाट ११००, म्हणजे लोकांच्या तोंडची 'डुक्कर फियाट', घरात आहे, आरसी अजून चालू आहे, रविवारी सकाळी आणि अधूनमधून ऑफिसला न्यायची इच्छा आहे, तर तिला व्हिंटेज नोंदणीचा नवा 'व्हीए' नंबर घ्यावा का. माझं मत विचाराल तर अजिबात घेऊ नका.

मी पुण्यात अशीच एक डुक्कर फियाट चालवतो, म्हणून हे कळकळीने लिहितोय. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडी, इंजिन मात्र मूळचं हवं. मध्ये कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल तर विषय संपला. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'एमएच व्हीए', मग दोन अक्षरं आणि चार आकडे असा नंबर मिळतो; आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

अडचण वापराची आहे. ही गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजचा वापर नाही, धंदाही नाही, म्हणजे लग्नाच्या वरातीला भाड्याने देणंही नाही. ऑफिसला तर विसराच. ज्यांची गाडी फक्त रॅलीला निघते, त्यांच्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे. तुमची आरसी जिवंत आहे, ती सोडून स्वतःच्या पायात बेडी का घालायची?

साध्या नोंदणीवर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, पासिंग करायचं, पर्यावरण कर भरायचा. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी १०,००० झाली आहे, ते जड जातं हे खरं. पण आरसीवर 'इम्पोर्टेड' असा शेरा आहे का तेवढं नक्की बघा, त्या गाड्यांची फी कितीतरी जास्त आहे. पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी बंद, ही भीती दिल्ली-एनसीआरच्या नियमामुळे पसरली; आपल्याकडे नुसत्या वयावरून गाडी बंद होत नाही.

आता चालवण्याबद्दल. १०८९ सीसीचं इंजिन आजही गोड चालतं, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, लहान मुलं बसली की लॉक स्वतः तपासा. एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना माझी गाडी दोनदा गुदमरून थांबली. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात उष्णतेने पेट्रोलची वाफ होते. बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, इंजिनाजवळच्या त्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं. फडक्यातून वाफ निघताना दिसते, दहा मिनिटांत गाडी पुन्हा सुरू. तेव्हापासून डिकीत पाण्याची बाटली आणि एक जुना पंचा कायम असतो.

त्याहून मोठी काळजी इथेनॉलची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. माझ्या गाडीच्या त्या पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) काढला तेव्हा तो फुगून मऊ पडला होता, नखाने दाबला की खड्डा राहायचा. सगळे होज (पेट्रोलच्या रबरी नळ्या) आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे करून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनाभर उभी राहिलेली गाडी जास्त बिघडते. आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर तरी फिरवा. व्हिंटेज नोंदणी नको म्हणण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

आणि तो तीन अक्षरांचा जुना नंबर, १९८९ च्या आधीचा, आजोबांनी घेतलेला. तो आहे तसा राहू दे. आरसीची मुदत कधी संपते ते आजच बघा; संपायच्या आधीच्या साठ दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पासिंगला जाण्याआधी हँडब्रेक आणि हॉर्न नीट करून घ्या.