हायवेपासून शंभर मीटर आत, आठव्या मजल्यावर फ्लॅट मिळतोय. ब्रोकर म्हणतो धुराचा त्रास नाही. खरं आहे का?

नाही. ब्रोकरला हायवे म्हणजे 'कनेक्टिव्हिटी' एवढंच कळतं.

काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण रस्त्याच्या कडेला सगळ्यात जास्त असतात आणि पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये झपाट्याने उतरतात. लॉस एंजेलिसच्या ४०५ आणि ७१० या फ्रीवेंजवळ (म्हणजे तिकडचे मोठे हायवे) दिवसा मोजणी झाली होती (निष्कर्ष २००२ साली छापून आले). तिथे अतिसूक्ष्म कण आजूबाजूच्या हवेइतके व्हायला सुमारे ३०० मीटर लागले. नायट्रोजन डायऑक्साइड त्याहून रेंगाळतो, कारण धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला भेटला की तो वाटेतही तयार होत राहतो. कॅलिफोर्नियात २००३ पासून फ्रीवेच्या ५०० फुटांच्या आत नवी सरकारी शाळा बांधायला कायद्याने आडकाठी आहे. ५०० फूट म्हणजे सुमारे दीडशे मीटर, तुमचे शंभर मीटर त्याच्याही आतच येतात.

आमच्या घरात यावरून महाभारत झालंय, म्हणून एवढं पाठ आहे. पुण्यात वारज्याला बायपासला लागून एक स्कीम आली. पुढची विंग सर्व्हिस रोडवर, मागची पार आत, नाल्याच्या अंगाला. मोठ्या भाऊजींनी पुढची घेतली, मी ह्यांना मागची घ्यायला लावली. "हवेला काय गेटवर वॉचमन अडवणार आहे?" असं भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. जाऊबाई नाही हसल्या, पुसायचं त्यांनाच होतं. पुढे भाऊजींनी ऑनलाइन हवा मोजायचा एक मीटर मागवला आणि दिवाळीच्या फराळाला तो घेऊनच आले. दोन्ही घरांत पीएम २.५ चा आकडा जवळपास सारखा! तेव्हापासून दर सणाला आमच्याकडे पुरणपोळीसोबत तो मीटर वाढला जातो.

तर भाऊजी, वाचत असाल तर ऐका. पीएम २.५ म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचं वजन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात अख्ख्या शहराची धूळ, जाळलेला कचरा, बांधकामं, बाहेरून वाहत आलेली हवा, आणि तुम्ही मोजलंत तेव्हा तर फटाकेही होते. रस्त्यापासून लांब गेल्यावर ते थोडंच घटतं. डिझेलच्या धुरातले अतिसूक्ष्म कण ०.१ मायक्रॉनहून बारीक, संख्येने अफाट, वजनाला नगण्य. तुमचा मीटर कणांवर प्रकाश टाकून मोजतो, त्याला इतके बारीक दिसतच नाहीत. नायट्रोजन डायऑक्साइड तर त्याच्या खिजगणतीतही नाही. फरक बघायचाच असेल तर जाऊबाईंच्या बाल्कनीचं रेलिंग पुसा, मग आमचं पुसा. तो काळा थर काजळीचा, टायरचा नि ब्रेकच्या झिजेचा आहे.

आणि थंडीत पहाटे सर्व्हिस रोडवर फिरायला जाणं बंद करा. तेव्हा जमिनीलगतची गार हवा जागची हलत नाही, धूर वर जात नाही. सँटा मोनिकात सूर्योदयाआधी मोजलं तेव्हा फ्रीवेच्या धुराचा माग दोन किलोमीटरपर्यंत लागला होता. हो, म्हणजे त्या वेळी आमची मागची विंगही सुटत नाही. मी थंडीत खिडक्या ऊन चढल्यावरच उघडते.

तुमच्या आठव्या मजल्याचं राहिलंच. मोकळ्या रस्त्याशेजारी वर गेल्यावर फरक पडतो. दोन्ही बाजूंनी उंच इमारती असतील तर धूर मधेच कोंडतो, मग मजल्यावर फार भरवसा ठेवू नका. वारा बहुतेक वेळ रस्त्याकडून तुमच्याकडे येतो की उलट, हेही बघा. पुण्यात उन्हाळी दुपारी आणि पावसाळ्यात तो बहुधा पश्चिमेकडून असतो. वरचे आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्याकडचे ट्रक आणि गल्ल्या वेगळ्या, त्यामुळे ३०० ही काही लक्ष्मणरेषा नाही. जमलं तर त्याहून आत जा. आणि टोकन देण्याआधी डीपीमध्ये (शहराच्या विकास आराखड्यात) मागच्या बाजूने नवा रस्ता दाखवलाय का ते तपासा, ब्रोकर सांगणार नाही.