पिंपातले पाणी आणि दंडाची पावती

सप्रेम नमस्कार,

पुण्यातल्या क्षेत्रीय कार्यालयात आरोग्याची जबाबदारी घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले आणि धूरफवारणी दुप्पट करूनही ते कमी होईनात, तेव्हा चुकते कुठे, असे तुम्ही विचारले आहे. धुराने उडते डास मरतात, अळ्या मरत नाहीत, आणि आपल्या पावसाळी हवेत अंड्यापासून नवा डास व्हायला 8-10 दिवस पुरतात.

हे तुम्हाला ठाऊक आहेच. मात्र अळी ज्या पिंपात सापडते ते पिंप भरून का ठेवलेले असते, हा प्रश्न आरोग्य खात्याच्या फायलीत सहसा नसतो. ‘गुरुवारी पाणी बंद’ अशी बातमी आली की बुधवारी रात्री घरातले प्रत्येक भांडे भरले जाते, आणि जिथे पाण्याचा रोजचाच भरवसा नाही तिथे पिंप कधी रिकामे होतच नाही. अशा घराला कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासण्याचा दिवस, पाळायला सांगण्याआधी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यासोबत बसून त्या गल्लीत पाणी कोणत्या वारी, किती वेळ येते हे समजून घ्या, आणि पाणी येण्याच्या थोडे आधी पिंप रिकामे होते तीच वेळ घासण्यासाठी ठरवा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात.

आता माझी एक चूक सांगणे भाग आहे. उमेदीच्या काळात मी अळी सापडेल त्या घराला दंड लावण्याचा आग्रह धरला होता. महिन्याभरात दूषित भांड्यांचा आकडा घसरला आणि बैठकीत माझे कौतुकही झाले. रुग्ण मात्र वाढतच होते, कारण निरीक्षक दिसताच लोक दारे लावून घेत होते आणि आम्ही फक्त उघड्या घरांची मोजणी करत होतो. खरे तर ही गोष्ट पुण्याला नवी नव्हती. 1897 च्या प्लेगमध्ये प्लेग कमिशनर रँडच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरांची झडती घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लोक रुग्ण लपवू लागले. लपलेल्या रुग्णामुळे साथ पसरते, साथ पसरली की झडती आणखी कडक होते, आणि मग आणखी रुग्ण लपतात. आपल्याच उपायाने फिरू लागलेले असे चक्र खुर्चीवरून दिसत नाही, कारण कागदावर ते यशासारखेच दिसते.

म्हणून येत्या सोमवारच्या आढाव्यात अळ्यांच्या आकड्याआधी बंद आढळलेल्या घरांचा आकडा मागवा, आणि तो का वाढला हे निरीक्षकांना नव्हे, त्या गल्लीतल्या आशाताईंना विचारा.

आपला स्नेहांकित