‘ध्वन्यातीत’ की ‘स्वनातीत’?

प्रश्न असा आला आहे: ‘रशियाच्या ख-३१ क्षेपणास्त्राला एका लेखात “ध्वन्यातीत” म्हटले होते, दुसऱ्यात “स्वनातीत”. बरोबर कोणते? आणि त्याच्या एका प्रकाराला “किरणोत्सर्गविरोधी” म्हणतात, ते कशामुळे?’

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ‘ध्वनि’ला ‘अतीत’ जोडला तर ‘ध्वन्यतीत’ होईल, ‘ध्वन्यातीत’ नाही. जाति + अभिमान = जात्यभिमान, ध्वनि + अर्थ = ध्वन्यर्थ, तसेच हे. ‘ध्वन्यात्मक’, ‘ध्वन्यालेखन’ या शब्दांत ‘न्या’ येतो, कारण तिथे पुढचा शब्दच ‘आ’ने सुरू होतो. कानाला तीच सवय लागली आणि ‘कालातीत’, ‘गुणातीत’ यांनी तिला दुजोरा दिला. ‘स्वन’ मात्र अकारान्त, म्हणून ‘स्वनातीत’ बिनचूक. मी तोच वापरतो. ‘ध्वन्यतीत’ शुद्ध असला तरी जिभेवर बसत नाही.

आता ‘स्वनातीत’ म्हणजे नेमके कशाच्या पलीकडचे? आवाजाच्या नव्हे, आवाजाच्या वेगाच्या. कानाला ऐकू न येणारा, २०,००० हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी तो ‘श्राव्यातीत’. या दोन शब्दांची गल्लत बरेच जण करतात. शिवाय ज्याच्या पलीकडे जायचे ती रेघही एका जागी नसते. समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ११ किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत तो २९५ च्या आसपास. विमानातून सोडलेले क्षेपणास्त्र उंचावरून खाली झेपावते, तेव्हा ही रेघही त्याच्याबरोबर सरकत असते. म्हणून वेग ध्वनीच्या पटीत सांगतात. ब्राह्मोस २.८ मॅक, म्हणजे तिथल्या ध्वनिवेगाच्या जवळजवळ तिप्पट. (‘मॅक’ हे एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे आडनाव. काही ठिकाणी ‘मॅच’ छापून येते, तेव्हा क्रिकेटच आठवते.)

इंग्रजी ‘अँटी-रेडिएशन’चे भाषांतर म्हणून आलेला ‘किरणोत्सर्गविरोधी’ मात्र सरळ चूक आहे. किरणोत्सर्ग म्हटले की मराठी वाचकाला युरेनियम आणि अणुभट्टी आठवते. इथे त्याचा काही संबंध नाही. रडार रेडिओलहरी सोडते. त्या बाहेर पडणाऱ्या ऊर्जेला मराठीत ‘प्रारण’ असा चांगला शब्द आहे. प्रश्नातले ते ख-३१पी स्वतः लहरी सोडत नाही, शत्रूच्या रडारच्या लहरी हुंगत थेट त्याच रडारवर जाऊन आदळते. नौकाविरोधी ख-३१ए मध्ये उलट स्वतःचेच छोटे रडार असते, आणि समुद्रावरचे जहाज ते त्याने शोधते. तेव्हा ख-३१पीला ‘प्रारणविरोधी’ म्हणावे. आपल्या ‘रुद्रम’ क्षेपणास्त्राची ९ ऑक्टोबर २०२० रोजी सुखोई-३० विमानातून चाचणी झाली, तेही याच जातीचे.

सर्वसाधारण वाचकासाठी लिहीत असाल तर ‘रडारविरोधी’ चालेल, पण त्यातला ‘विरोधी’ मला पुरेसा वाटत नाही. रडारला चकवणारे विमानही रडारविरोधीच म्हणता येईल. हे अस्त्र रडारला चकवत नाही, रडार चालू असण्यावरच ते जगते. समोरच्याने रडार बंद केले की अस्त्राचा माग तुटू शकतो. म्हणून ‘शब्दवेधी’च्या चालीवर मी ‘रडारवेधी’ लिहितो.